शून्याची चिठ्ठी

"अजून एकदा फुंका, दाजी," सुकन्या म्हणाली आणि नळी पुसून तिनं पुढं धरली.

सटवानं पुन्हा फुंकलं. मशीन पुन्हा कोकललं, लाल दिवा लागला. मागं रांगेत उभे असलेले ड्रायव्हर हसले.

"मशीन बिघडलंय," सटवा म्हणाला. "मी दारूला कधी शिवलो न्हाई. तुला ठाव हाय."

सुकन्या साखर कारखान्याच्या गेटवर ड्रायव्हरांची दारूची तपासणी करायची. सटवाच्या बायकोच्या माहेरची, धर्मापुरीची पोर, म्हणून त्याला दाजी म्हणायची. तिनं मान वर न करता रजिस्टरमध्ये आकडा लिहिला.

वाहतुकीचा सुपरवायझर अर्जुनराव केबिनमधून बाहेर आला. "तीन दिवस घरी बस. टँकर रामेश्वर नेईल."

"साहेब, महिना झाला सांगतोय, त्या टँकरचे ब्रेक लागत न्हाईत. चार दिवसांखाली लेखी अर्ज दिला. ते सोडून माझं तोंड कावून हुंगता?"

"ब्रेकचं गॅरेजवाले बघतील. तू तुझं बघ."

सटवाच्या डोक्यात उजेड पडला. दारुड्याच्या अर्जाला कोण विचारतं? टँकरमधली मळी जायची दारूच्याच कारखान्यात, आणि हे त्याला शुद्धीचे धडे देत होते.

रामेश्वर किल्ली घेऊन निघाला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं त्याच्या, आणि भरला टँकर घेऊन घाट तो पहिल्यांदाच उतरणार होता. रागातही सटवा त्याच्या मागं गेला. "दुसऱ्या गेअरातच उतर. ब्रेकच्या भरवशावर राहू नको."

"बघतो, सटवाभाऊ."

सटवा नेकनूरला घरी आला तेव्हा त्याची बायको वनमाला शेळ्यांना पाला टाकत होती. त्याला बघून तिनं हात झटकले आणि चुलीपाशी गेली.

"मशीन म्हणतंय मी पिऊन आलो," तो म्हणाला.

"म्हणू द्या."

"समद्यांसमोर दारुडा केलं मला. अठरा वर्षं गाडी चालवतोय. तुला राग येत न्हाई?"

"जीव धड हाय न्हवं? जेवा." तिनं ताटात भाकरी ठेवली.

त्यानं ताट सरकवलं. घरच्या माणसालाही काही वाटू नये, याचा त्याला जास्त संताप आला. तसाच मोटरसायकल काढून तो पोलीस चौकीत गेला. तिथल्या ओळखीच्या हवालदाराला, सुंदररावांना म्हणाला, "तुमच्या मशीनवर माझी तपासणी करा."

सुंदररावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं, मग मशीन काढलं. सटवानं छातीतला सगळा वारा त्यात ओतला. मशीनमधून चिठ्ठी आली. शून्य.

दुपारी तो गेटवर पोचला तेव्हा तिथं गर्दी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टँकर घाटात उलटला होता. रामेश्वर जागीच गेला होता.

सटवा गर्दी सारत सरळ अर्जुनरावापाशी गेला आणि त्यानं त्याची गचांडी धरली. दुसऱ्या हातातली चिठ्ठी त्याच्या नाकासमोर नाचवली.

"वाच बे. शून्य. ब्रेकचा अर्ज दिला म्हणून मला दारुडा ठरवलास, आन् पोराला मरायला धाडलंस."

अर्जुनरावानं गचांडी सोडवली नाही. "अर्ज मी दाबला," तो हळू म्हणाला. "ते पाप माझंच हाय. पण मशीनला मी हात लावला न्हाई. पोरांची शपथ."

"मग कुणी लावला?"

"मी," सुकन्या म्हणाली. ती टेबलामागं भिंतीला टेकून बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "नळीला सॅनिटायझर चोळलं. त्याच्या वासानं बी मशीन वाजतंय."

"ह्याच्याच सांगण्यावरनं ना?" सटवानं गचांडी आणखी आवळली. "बोल. आता कुणाला भिऊ नको."

सुकन्यानं नाही म्हणून मान हलवली.

"वनमालाताई आलती काल. माझ्या पाया पडली, दाजी. म्हणली, त्या टँकरवर ह्यांना जाऊ देऊ नको. मी म्हणलं, ताई, मग दुसरा कोणतरी जाईल की. तर म्हणली, जाऊ दे, त्यो काय माझा नवरा हाय?"