उबवलेले गोटे

पिंपरीत कारखान्यांचे पाये खोदत होते, तेव्हाची गोष्ट. पुनावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणाले, "पुस्तकात बघू नका, स्वतः शोधा." ठकूनं ठरवलं, अंड्यात पिल्लू कसं घडतं ते बघायचं. घरची कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसलेलीच होती. ठकू रोज एक अंडं चोरून फोडायची, चित्र काढायची, त्याऐवजी पवना नदीतला गोटा ठेवायची. कोंबडी ते गोटेही इमानानं उबवायची. चित्रांना शाळेत पहिला नंबर मिळाला, तेव्हा ठकूनं गुपचूप गोटे काढले. अजून कोमट होते. रिकामी टोपली बघून आई कडाडली, "सोताचीच अंडी खाल्ली अवदसेनं! असली कोंबडी घरात ठिवत न्हाईत." ठकूनं ओच्यातले गोटे आणखी घट्ट धरले. कौतुकाला आलेल्या मास्तरांसाठी तीच कोंबडी शिजली. मास्तरांनी रस्सा भुरकत विचारलं, "पोरी, एवढी अंडी दिली कुणी?" आईची पळी ठकूच्या ताटावरच थांबली.