नुसता फ्लॅश

इंदापुरात सिंधुबाईंच्या थोरल्याचं लग्न होतं. फोटोग्राफर रोलवर पैसे घ्यायचा, आणि एका रोलात फोटो छत्तीसच. सिंधुबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "गावाकडची माणसं स्टेजवर आली, की नुसता फ्लॅश उडवा. रोल वाया घालवू नका. ती कुठं अल्बम बघायला येणारेत!"

कऱ्हाटीहून त्यांचा धाकटा भाऊ बिरू बायकोला घेऊन आला होता. शेळ्यांमागं जन्म गेलेली ठकूबाई नवं लुगडं नेसून नवरा-नवरीशेजारी अवघडून उभी राहिली.

"अगं, हास की जरा! फोटू हाय, पंचनामा न्हाय," बिरू म्हणाला. ती तोंडाला पदर लावून खुदकन हसली, मग पदर सोडून मोकळी हसली.

फोटोग्राफरनं सिंधुबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. फ्लॅश लखकन उडाला.

त्याच पावसाळ्यात ठकूबाई तापानं गेली. दहाव्याला सिंधुबाई कऱ्हाटीला पोचल्या, तर भिंतीवर काचेची नवी फ्रेम टांगलेली. आत काहीच नव्हतं.

बिरूनं डोळे पुसले.

"अक्का, लग्नातला फोटू आणलास न्हवं? तिचा दुसरा कुठलाच न्हाय. त्यात लई ग्वाड हसली हुती बघ."