कॅमेऱ्यापुढचा तास

नात चार वर्षांची असताना एका बड्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत फॉर्मवर खुणा केल्या आणि तिच्या देखत सांगून टाकलं, "आजी, ही काही बोलणार नाही. आशा सोडा." नात शेजारीच ठोकळे लावत बसली होती. मी तेव्हाच डूख धरला.

आता ती आठ वर्षांची आहे आणि दोन-तीन शब्द जोडून बोलते. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "अहो, पोरगी इतकी बोलते, की शेजारी कानात बोळे घालून झोपतात!" थोडं वाढवून सांगितलं, पण सूड घ्यायचा तर कंजुषी कशाला करायची?

डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. बघते तर कॅमेरा लावलेला आणि समोर चार पाहुणे डॉक्टर. हे महाशय छाती फुगवून त्यांना सांगत होते, "ही बोलणार, हे मी चार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग डॉक्टरांचा चेंडू दाखवून झाला, साबणाचे फुगे झाले, "बोल ना गं राणी" म्हणून विनवण्या झाल्या. तासभर नातीने ब्रसुद्धा काढला नाही. पाहुणे घड्याळ बघत उठले, डॉक्टरांचा चेहरा पडला. मला मात्र वेगळीच धास्ती. पोरीचे शब्द गेले की काय?

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं, तशी नात गालातल्या गालात हसली.



"आजी, उद्या परत येऊ. परत गप्प बसू."