पहिल्या म्हाळाचे वडे

कावळा कठड्यावर उतरला, वड्याकडे एकदा या डोळ्याने पाहिलं, एकदा त्या डोळ्याने पाहिलं, आणि परत पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

"गेला," थोरला मुलगा हितेंद्र म्हणाला. जणू बाकीच्यांना दिसलंच नव्हतं.

लालबागच्या त्या चाळीच्या गच्चीवर लवूआबांचा पहिला म्हाळ, ते गेल्यानंतरचं पितृपक्षातलं पहिलं श्राद्ध, अडकून पडला होता. केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं जागच्या जागी होतं. कावळा शिवल्याशिवाय खाली कुणाचं पान वाढायचं नाही. खाली बसलेले पाहुणे भुकेपोटी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करू लागले होते.

आबांच्या मनात काय राहिलं असेल, याचा घरचे सगळे शोध घेत होते. थोरली सून दर्शना तेवढी घेत नव्हती. तिला माहीत होतं.

वडे सरकीच्या तेलात तळले होते.

घाण्याचं शेंगतेल सकाळी अर्ध्यातच संपलं. गणपतीच्या गर्दीत थकलेला घाणेवाला विसर्जन झाल्यावर जो गावी गेला, तो अजून यायचा होता. दर्शनाने कोपऱ्यावरून पाकीट आणलं. पाकिटावर पुढे एक हसरं हृदय होतं. तेल कढईत ओतून झाल्यावर तिने मागची बारीक अक्षरं वाचली. पाकीट उलटून वाचायची सवय तिला आबांनीच लावली होती.

गिरणी बंद पडल्यावर आबांनी दुसरी नोकरी धरली होती. पाकिटं वाचायची. बिनपगारी. भिंग घेऊन ते दुकानात शिरले की दुकानदार आधी देवाच्या फोटोला हात जोडायचा. धाकटा विनीत फरसाणाच्या कंपनीत, त्यामुळे रविवारचं जेवण वादाशिवाय उरकत नसे.

"सरकी म्हणजे आता बहुतेक सगळी बीटी कपाशी," आबा म्हणायचे. "बियाण्यात जनुक घुसवलेली. जन्मभर कापूस अंगावर घातला, आता पोटात पण घालू?"

"आबा, तेलात त्यातलं काय उतरत नाय. तपासलंय सगळं. सेफ आहे."

"मग छापा की पाकिटावर."

"छापलं की लोक उगाच घाबरतात."

"घाबरू दे. खायचं की नाय ते माझं मी बघीन. तू फक्त सांग."

एकाच माणसाने वाढलेलं आबा न विचारता खात. "दर्शनाच्या हातचं वाचावं लागत नाय," असं ते चारचौघांत म्हणायचे. ते वाक्य आज सकाळपासून तिला टोचत होतं. तिला वाटलं होतं, कशाला सांगायचं? सगळे उगाच घाबरतील. आणि आपण नेमकं कुणाचं वाक्य बोललो हे ध्यानात येऊन ती कढईसमोर एकटीच दचकली होती.

गच्चीवर आता वचनं सुरू झाली.

"आबा, तुमच्या नातीच्या, श्रेयाच्या लग्नात काय कमी पडू देणार नाय," हितेंद्र हात जोडून म्हणाला.

कावळ्याने पंख खाजवला.

"आबा, चाळीतली खोली विकायची गोष्ट काढणार नाय," विनीत म्हणाला. हे त्याला फार जड गेलं, असं त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून दिसलं.

कावळ्याने पाठ फिरवली.

"भिंग आणून ठेवू काय रे त्यांचं?" आबांच्या पत्नी मालनबाईंनी विचारलं. पदर डोळ्यांना लागला होता. "काय तरी रवलां रे तेंच्या मनात. पहिलोच म्हाळ, आणि माणूस उपाशी परत जातलो."

'उपाशी' हा शब्द दर्शनाला सोसवला नाही. गप्प राहिलं तर म्हातारा न जेवता जाणार. बोललं तर सासू या जन्मात पुन्हा आपल्या हातात कढई देणार नाही. पहिल्या म्हाळाला सुनेने घोळ घातला, हे श्रेयाच्या लग्नात सांगतील, श्रेयाच्या मुलांच्या बारशाला सांगतील. ती पानाजवळ जाऊन उकिडवी बसली.

"आबा," ती म्हणाली. आवाज नको इतका मोठा निघाला. "तांदूळ रेशनचा आहे. उडीद पाकिटातला. भोपळा लालबाग मार्केटचा, कुठल्या बियाण्याचा ते मला माहीत नाय. पहिले वडे शेंगतेलातले, ते खाली पोरांनी आधीच संपवले. हे पानावरचे सरकीच्या तेलातले. पाकिटावर बीटी-बिटी काय लिहिलेलं नव्हतं. पण सरकी होती. मी वाचलं होतं, आणि तरी तळले."

पानाभोवती दाटीवाटीने उभे असलेले सगळे एक पाऊल मागे सरले आणि दर्शनाकडे बघू लागले.

"वैनी, अगो..." विनीतने सुरुवात केली. फरसाणाच्या कंपनीत असा प्रसंग कधी आला नव्हता.

दर्शना मान खाली घालून बसून राहिली. त्यामुळे तिला फक्त पंखांचा आवाज ऐकू आला.

कावळा पानावर उतरला होता. त्याने खिरीकडे पाहिलं नाही, भाजीकडे पाहिलं नाही. पानावरचा सगळ्यात मोठा वडा त्याने चोचीत धरला आणि निवांत, घरचं खावं तसा, तिथेच बसून खाल्ला.