टिकल्यांचे थांबे

बसचे थांबे ठरवायच्या गावबैठकीत टेबलावर हमरस्त्याचा लांबलचक नकाशा पसरला होता. बस जिथे थांबायला हवी, तिथे प्रत्येकाने रंगीत खूण चिकटवायची होती. खुणा संपल्या, तेव्हा बायकांनी हसतहसत कपाळावरच्या टिकल्या काढून लावायला सुरुवात केली.

अनसूयाकाकू मागे सरल्या. खूण नसलेला थांबा रद्द होणार होता, आणि जिथे लेकाचं डायलिसिस होई, त्या दवाखान्यासमोर एकही खूण नव्हती. पण नवरा गेल्यापासून काकूंचं कपाळ मोकळं होतं.

शेजारच्या हेमांगीने टिकल्यांचं पाकीट काढलं. काकूंनी हात पुढे केला.

"अशी नाही, काकू. कपाळावरचीच चालते," म्हणत तिने त्यांच्या भुवयांमध्ये एक लावली.

"आगाऊ मेली!" टिकली काढायला गेलेला काकूंचा हात मध्येच थांबला.

"दुसरी दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ती नकाशावर दवाखान्यासमोर घट्ट दाबून बसवली.