संक्रांतीचा आठवडा

"अजून मुंबईहून काही कळलं नाही, काका," असं प्रमोदनं तिसऱ्यांदा सांगितलं, तरी सगुण केरकर खुर्चीवरून उठेना.

प्रमोद कोल्हापूरचा. केरीच्या समुद्राकाठच्या रिसॉर्टचा मॅनेजर. माणूस गोड, पण त्याच्या हातात काही नव्हतं. सोलापूरच्या एका डॉक्टरचा इथल्या एका खोलीवर दर वर्षी एक आठवड्याचा हक्क होता, नेमका संक्रांतीचा. तो त्यानं विकायला काढला आणि सगुणनं घ्यायचा ठरवला. पण सौदा ठरला तरी पहिला हक्क रिसॉर्टच्या मुंबईच्या कंपनीचा, असा नियम. त्याच किमतीला कंपनीनं घेतला तर संपलं. कंपनीनं 'आम्हाला नको' म्हटलं, तरच सगुणला मिळणार.

"आमच्याच बागेत शिरूक तुमच्या सायबाचो नकार व्हयो," सगुण म्हणाला. "बरो न्याय."

बाग त्यांची होती हे खोटं नव्हतं. गोवा राज्य झालं त्या सुमाराला वडिलांनी काजूची बाग विकली आणि पुढे तिथं रिसॉर्ट उभं राहिलं. काजू गेले, पण वडाखालचा दगड जागेवरच राहिला. तो बागेचा राखणदार देव. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे दिवा लावून रोट, नारळ, विडी आणि घोटभर सोरो, म्हणजे दारू, ठेवायचा मान केरकरांच्या घराचा. भोवती कुंपण पडलं आणि मान आत अडकला.

फाटकावर जाऊन विचारलं असतं तर कुणी अडवलं नसतं, असं गाव म्हणे. पण सगुणनं पेडण्याच्या शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढला तो कुणापुढे हात न पसरता. मोडेन पण वाकणार नाही, ही त्याची जात. मागून मिळतो तो मान नव्हे, भीक, असं तो म्हणायचा. एकदा ठरलं की ठरलं.

म्हणून मानाच्या त्या दिवशी तो केरीत थांबतच नसे. सकाळच्या बसनं म्हापशाला जाई, बहिणीकडे जेवे आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परते. बायको सत्यवती तिळगूळ घेऊन पालयेला माहेरी जाई. घराला कुलूप.

आणि नवल असं, की एवढी वर्षं उपाशी राहूनही राखणदार कोपला नव्हता. मुलगी हर्षा चांगल्या घरी पडली. सगुणचं छातीचं ऑपरेशन निभावलं. "आमचो राखणदार मोठ्या मनाचो," असं तो ज्याला त्याला ऐकवी आणि सत्यवती मान डोलवी. तिला नवऱ्याच्या ताठपणाचा धाक होता आणि अभिमानही होता.

चहाच्या दुकानावर त्याचा चुलतभाऊ गोकुळदास टपलेलाच असे. घर दगड मारण्याच्या अंतरावर आणि हा निजायला खोली घेतो, असं तो चारचौघांत म्हणाला.

"खोली न्हय, हक्क घेतंय," सगुण म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

पण रात्री त्याला झोप लागेना. कंपनीनं तो आठवडा स्वतःच ठेवला तर? दुसरा कोण विकणार, कधी विकणार? वय सत्तरीला टेकलेलं. आपल्या हातून दिवा लागलाच नाही, तर वडिलांना वर काय तोंड दाखवायचं, याची त्याला खरोखरच भीती वाटत होती.

सत्यवती त्याच्याबरोबर रिसॉर्टच्या ऑफिसात कधी गेली नाही. आपल्याला त्यातलं काय कळतंय, म्हणायची. एकदाच जेवताना तिनं विषय काढला.

"नाय मिळालो तर?"

"तर नाय."

"मगे एकदा इचारून..."

त्यानं नुसतं वर पाहिलं. तिनं त्याला भात वाढला.

डिसेंबर सरता सरता प्रमोद स्वतः स्कूटरवरून घरी आला. कंपनीनं हक्क सोडला होता, आठवडा काकांचा झाला होता. सगुणचा ऊर भरून आला. सत्यवती मागच्या दारी कामात होती, तेव्हा चहाही त्यानंच केला, आणि साखर विसरला. दुसऱ्या दिवशी म्हापशाहून पेढे आले. पहिला पेढा गोकुळदासच्या हातावर पडला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सगुण पुढच्या दारानं आत गेला. परीटघडीचं धोतर, काळी टोपी. काउंटरवरच्या मुलीला त्यानं आपलं नाव आडनावासकट इतक्या मोठ्यानं सांगितलं, की बाजूचे पाहुणे वळून बघू लागले. मागून सत्यवती, पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात टोपली. रोट कसा थापायचा ते तो तिला सांगणार होता, पण तिनं तो आधीच केला होता, थेट त्याच्या आईच्या हातचा. आईनं तिला केलेल्या सासुरवासातून हे एक तरी बरं निघालं, असं त्याला वाटलं.

दिवेलागणीला दोघं वडाकडे गेली. दगडाभोवतीची जमीन झाडून स्वच्छ होती. कंपनीला एवढी तरी जाण आहे, म्हणून सगुण सुखावला. त्यानं पानावर रोट ठेवला, नारळ ठेवला, सोरो ओतला. इतक्या वर्षांनी केरकरांचा मान केरकरांच्या हाती आला होता, आणि कुणापुढे मान न तुकवता आला होता.

तेवढ्यात मागच्या फाटकावरचा राखणीवाला, बेळगावकडचा यल्लाप्पा, धापा टाकत आला. सगुणला नमस्कार करायचं सोडून तो आधी सत्यवतीच्या पाया पडला.

"आक्का, मी तिकडं फाटक उघडून कवापासनं वाट बघतोय," तो म्हणाला. "दरसाल तिथंच हात जोडून उभ्या राहता, मालकांच्या नावानं दिवा लावू दे म्हणता." मग त्यानं काडेपेटी पुढे केली, आणि ती कुणाच्या हातात द्यावी ते त्याला कळेना. "आज मालकच आलेत. आता दिवा कुणी लावायचा?"