माइकवरचं नाव

एका जेवणात काकांना तीन फायदे दिसत होते. कोपऱ्यावरच्या बिस्ट्रोत त्या आठवड्यात प्रत्येक बिलाचा चौथा हिस्सा लहान मुलांच्या दवाखान्याला जाणार होता, म्हणजे पोट भरता भरता पुण्य पदरात. बिल आलं की काका हात धुवायला उठतात, ही घरातली जुनी थट्टा एकदाची बंद पडणार होती. शिवाय बिल भरणाऱ्याचं नाव मालकीणबाई माइकवरून पुकारत होत्या, आणि आज समोर नवे व्याही बसले होते.

बिल आलं. काका जागचे हलले नाहीत.

“दादा, आज हात अगदी स्वच्छ दिसतायत तुझे,” आत्या म्हणाली.

“आज कोणी खिशात हात घालायचा नाही,” काकांनी सगळ्यांना दटावलं आणि रुबाबात कार्ड पुढे केलं. “व्याहीबुवा, तुम्हीसुद्धा नाही.”

मालकीणबाईंनी कार्डावरचं नाव नीट बघून घेतलं आणि माइक उचलला. काका कॉलर सारखी करून खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

पुकारलं गेलं ते काकूचं नाव. तिच्या पगाराचं कार्ड काका इतकी वर्षं खिशात वागवत होते की त्यावर नाव कोणाचं, हेच विसरून गेले होते. सगळं बिस्ट्रो टाळ्या वाजवत होतं आणि व्याही काकूचं तोंड भरून कौतुक करत होते.



बिल काकूच्या खात्यातून गेलं, पुण्यही तिच्याच नावावर जमा झालं, आणि काका हात धुवायला गेले.